मातकट

शिरूर-दौंडच्या पट्ट्यात चैत्र उतरायला लागला की पांढऱ्या भिंतीकडे बघवत नाही. सकाळी दहाच्या आतच ऊन अंगणातल्या फरशीवरून उसळून घरात शिरतं, समोरच्या भिंतीवर आदळतं आणि तिथून थेट डोळ्यांत येतं. मग बायका खिडक्या लावून घेतात, पडदे ओढतात आणि भर दुपारी बैठकीत दिवा लागतो. बाहेर ऊन नुसतं ओतत असताना आत दिवा लावावा लागावा, हे मला इथे सून म्हणून आले तेव्हापासून खटकत आलंय. माझं माहेर दौंड तालुक्यातलं, सासर शिरूरचं. मधे भीमा. दोन्हीकडचं ऊन एक, धूळ एक, आणि दोन्हीकडची नवी घरं आतून सारखीच पांढरी.

या घरांच्या आत मातीचा रंग असावा असं मला मनापासून वाटतं. उन्हात वाळलेल्या मातीचा. पिवळ्याकडे थोडा झुकलेला, तांबड्याची किंचित ऊब असलेला भुरा. रंगाच्या दुकानात कुणी त्याला सँड म्हणतं, कुणी बिस्किट, कुणी बदामी. आमच्याकडच्या जुन्या माणसांना तो फक्त मातकट वाटतो, आणि मातकट म्हणताना त्यांच्या आवाजात कौतुक नसतं. त्या नावडीबद्दलही मला लिहायचंय, कारण ती खरी आहे आणि तिच्यामागे उभी आयुष्यं आहेत.

आधी उजेडाबद्दल. ताजा चुना दिलेली भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातले पाच हिश्श्यांपैकी चार हिस्से तरी परत फेकते. मातीच्या मध्यम रंगाची भिंत जेमतेम निम्मा परत करते. जो करते तोही निवडून. या रंगाच्या पोटात लोखंडाचा गंज असतो, आणि गंज उजेडातला निळा-जांभळा भाग गिळून पिवळा-तांबडा तेवढा बाहेर सोडतो. त्यामुळे अशा खोलीत भर दुपारी शिरलं की डोळ्यांवरचा ताण उतरतो, तरी वाचता येण्याइतका उजेड राहतो. खिडकी उघडी ठेवता येते. वारा येतो. पडदा बाजूला सारून बसलं की रस्ता दिसतो, येणारं-जाणारं दिसतं. खिडक्या मिटलेल्या घरातल्या बायकांचं जग दुपारी चार भिंतींएवढंच होतं, आणि त्यात भिंतीच्या रंगाचा हात असतो, हे बोलून दाखवलं की लोक चकित होतात.

हा रंग इथला आहे, बाहेरून आणलेला नाही. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात लोखंडाचा अंश दहा टक्क्यांच्या आसपास. खडी क्रशरच्या खाणीत ताजा फुटलेला दगड निळसर काळा दिसतो, पण खाणीच्या कडेला वरचा हात-दोन हात थर बघा. तिथे पाण्या-हवेनं दगडाचा मुरूम झालेला असतो आणि आतलं लोखंड गंजून तो पिवळट, तांबूस, भुरा झालेला असतो. पिवडी म्हणजे हाच गंज, पाणी धरून बसलेला. ती भाजली की पाणी उडून जातं आणि ती तांबडी होते. गेरू आणि काव त्याच कुळातले. आज रंगाच्या कारखान्यात यलो ऑक्साइड आणि रेड ऑक्साइड बनवतात तेही रसायनाच्या भाषेत लोखंडाचा गंजच. म्हणजे दुकानातल्या डब्यात जे आहे आणि नगर रस्त्याच्या कडेला मुरमाच्या ढिगात जे आहे, ते एकाच धातूचं.

न्हावऱ्याकडून पुढे घोड नदीच्या काठाला इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही मंडळी त्यात होती. साधारण इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांच्या शंभराहून जास्त घरांच्या खुणा मिळाल्या. ठेंगण्या मातीच्या भिंती, त्यावर कुडाला माती लिंपून केलेला वरचा भाग, खांबांचे खळगे, चोपून केलेल्या जमिनी, चुली, धान्य साठवायच्या कणग्या. एक घर चांगलं पाच खोल्यांचं, गावच्या प्रमुखाचं असावं असं संशोधकांनी मानलेलं. सर्वांत जुन्या थरांत माळवा पद्धतीची भांडी: बदामी-पिवळट अंग आणि त्यावर काळपट तपकिरी रेघा. वरच्या थरांत जोर्वे पद्धतीची: तांबडी, काळ्या भौमितिक नक्षीची. भांडी भाजायची मोठी गोल भट्टीही सापडली. शेवटच्या शतकांत मात्र चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस आटला आणि शेती कोलमडली म्हणून असं झालं, असं ढवळीकरांचं म्हणणं होतं. या भागात दुष्काळ नवा नाही, हे वाचताना अंगावर काटा येतो.

मला त्या उत्खननातली भिंत महत्त्वाची वाटते. तीन हजार वर्षांपूर्वी घोडेच्या काठी एक बाई भिंतीला माती लावत होती. ती माती नदीकाठचीच असणार, म्हणजे तिच्या घराचा आतला रंग आज मी दुकानात मागते त्याच्यापासून फार लांबचा नसणार. हा माझा तर्क आहे. पण घोडेच्या पात्रालगतची वाळलेली माती हातात घेतली की तो तर्क सोडवत नाही.

माझं माहेरचं जुनं घर माळवदाचं होतं. पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी-वेल्ह्याकडे पाऊस इतका की छपराला उतार लागतोच. आमच्याकडे वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. म्हणून इथे सपाट धाबं चालायचं. तुळया, त्यावर किलचं, त्यावर पालापाचोळा किंवा चिपाडं, आणि वर गावठाणातली पांढरी माती, चांगली वीतभर. ती माती पाणी धरते आणि खाली सोडत नाही. जुन्या वस्तीच्या राखेनं, चुनखडीनं, पिढ्यान् पिढ्यांच्या केरानं ती तशी होते. नाव पांढरी असलं तरी रंगानं ती राखेची छटा असलेली भुरी. तीच धाब्यावर, तीच भिंतीवर. दुपारी बाराला बाहेरून आत आलं की दोन क्षण काही दिसायचं नाही, आणि मग एकेक वस्तू त्या भुऱ्या अंधारातून पुढे यायची: उतरंड, जातं, खुंटीवरचं पागोटं, पितळी हांडा. पितळ त्या भिंतीपुढे जसं दिसायचं तसं मी नंतर कुठेच पाहिलं नाही.

पण ती भिंत आपोआप तशी राहत नव्हती. ती बायका राखत होत्या. दसरा काढायचा म्हणजे घरातलं सगळं सामान अंगणात, गोधड्या नदीवर, आणि मग भिंती. माती आधी चाळायची, भुसकट घालून भिजवायची, दोन-तीन दिवस मुरू द्यायची, पायांनी तुडवायची. त्यात शेण. उंचावरच्या भिंतीसाठी पाटावर पाट. उजव्या हाताच्या बोटांनी कमानीसारखे फेर घेत जायचं, एक फेर दुसऱ्यात मिसळेल असं. जमीन तर आठवड्याला सारवायचीच. पावसाळ्यात भिंतीचा पोपडा निसटायचा, कोपऱ्यात वाळवी धरायची, खालच्या फटीतून विंचू निघायचा. माझ्या आजीच्या बोटांना बारा महिने भेगा असत. त्या भेगांत भिंतीचीच माती बसलेली असे, आणि ती कितीही घासली तरी जात नसे. गरोदर बाईलाही सारवण सुटत नव्हतं. भिंत सुंदर दिसायची यात शंकाच नाही. पण ती कुणाच्या पाठीवर सुंदर दिसत होती हे न सांगता तिचं गुणगान करणं मला पटत नाही.

नंतर किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. लातूर-धाराशिवकडच्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं आणि हजारो माणसं गेली. तो भूकंप आमच्यापासून लांब होता, पण माळवद आमचंही होतं. सासूबाई सांगतात की त्यानंतर कितीतरी रात्री त्या लेकरांना घेऊन अंगणात निजल्या. वरची वीतभर माती, जी आजवर ऊन आणि पाऊस अडवत होती, तिच्याखाली झोपायला भीती वाटू लागली. ज्यांना जमलं त्यांनी हळूहळू स्लॅबची घरं बांधली. चासकमानचं पाणी शिरूरकडे आलं, दौंडकडे खडकवासल्याचा कालवा होताच. उसाचे पैसे आले, रांजणगावला कारखाने आले, पगार आले. माणसं मातीच्या भिंतीतून बाहेर पडली आणि पहिल्या पगारानं, पहिल्या उसाच्या बिलानं भिंती पांढऱ्या केल्या.

तो पांढरा रंग त्यांचा सण होता. त्याआधीही दिवाळीला चुना लागायचा. तो रात्रभर भिजवायचा, अंगाला सुटू नये म्हणून डिंक किंवा सरस घालायचा, झगमगावा म्हणून चिमूटभर नीळ. ज्यांची ऐपत त्यांच्या बैठकीत चुन्यात पिवडी पडायची आणि खाली गेरूची पट्टी. डिस्टेंपर आलं तेव्हा गुलाबी आला, पिस्ता आला, आकाशी आला. एशियन पेंट्स ही कंपनी मुंबईत चार मित्रांनी १९४२ साली काढली. तिचा तो डोळ्यावर केस आलेला, हातात डबा आणि ब्रश घेतलेला गट्टू १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढला. तो गट्टू रंगाच्या दुकानावर दिसला की गावात पैसा आलाय असं समजायचं. गुलाबी-पिस्त्याला कुणी हसावं असं त्यात काही नव्हतं. मातीनं जो रंग कधीच दिला नाही, तो माणसांनी विकत आणला.

म्हणूनच आता मातीचा रंग परत आला आणि तोही महागडा होऊन आला, तेव्हा जुन्या माणसांना काय वाटत असेल याचा विचार मी करते. शिक्रापूर-सणसवाडीपासून रांजणगावपर्यंत ज्या नव्या स्कीम उभ्या आहेत, त्यांच्या सँपल फ्लॅटमध्ये एक तरी भिंत अशी असतेच. खडबडीत, मातीचा भास होणारी, टेक्श्चर दिलेली. ती खोटी लिंपणं मला आवडत नाहीत. बोटांचे फेर रोलरनं उठवायचे आणि त्याचे चौरस फुटाला जास्तीचे पैसे लावायचे, यात ज्या बायांनी ते फेर खरोखर घेतले त्यांचा मान राहत नाही. रंग घ्यावा, जखमेची नक्कल घेऊ नये. सपाट, साधी, धुता येईल अशी भिंत, तिला मातीचा रंग. आजीला हेच हवं असतं असं मला वाटतं: तोच गारवा, पण बोटांना भेगा नाहीत.

आमच्याकडच्या गुळाचं असंच झालं. राहू, पारगाव, केडगाव या बाजूला गुऱ्हाळं भरपूर. चुलवाणावर काहील चढते, रस उकळतो, भेंडीच्या पाण्यानं मळी वर येते ती काढतात, आणि पाक नेमका कुठे उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. साधा, काही न घातलेला गूळ तपकिरी निघतो. व्यापाऱ्याला मात्र पिवळाधमक लागायचा, त्यालाच भाव, म्हणून पाकात पावडर पडायला लागली. गूळ दिसायला सोन्यासारखा आणि चवीला हलका झाला. आता शहरातली माणसं तो तपकिरीच गूळ सेंद्रिय म्हणून जास्त पैसे देऊन नेतात. गुळव्या तोच, काहील तीच. आपलं जे होतं ते आधी बाजारानं कमी ठरवलं आणि मग बाजारानंच मोठं केलं. मधल्या काळात लाजत राहिलो ते आपण.

गेल्या वर्षी आमचं शिरूरचं घर रंगवायला काढलं तेव्हा मी बैठक, स्वयंपाकघर आणि आमची खोली यासाठी हा रंग धरून बसले. रंगारी जुन्या हाताचे, मशीनवरची शेड घेऊन येणं त्यांना जमतं, पण त्यांचा विश्वास डोळ्यावर. पांढऱ्या बेसमध्ये आधी यलो ऑक्साइडचा स्टेनर, मग बेतानं रेड ऑक्साइड, आणि शेवटी सुईच्या टोकाएवढा काळा. काळा घातला नाही तर हा रंग एक तर हळदीवर जातो नाही तर पीचवर. त्या एका थेंबानं तो शांत होतो, जमिनीवर येतो. ते ढवळत होते आणि मी बघत होते. डब्यातल्या पांढऱ्यात आधी पिवळ्या नागमोडी रेघा, मग सगळं अंड्याच्या बलकासारखं, मग तांबडं शिरल्यावर ऊब, आणि काळा पडल्यावर एकदम ओळखीचं. हा रंग मी पाहिलेला आहे, असं मनात आलं. त्यांनी लाकडी पट्टीनं थोडा उचलून उन्हात धरला आणि म्हणाले, "ताई, आता ही भिंत मळायची नाही."

ते खरं आहे आणि त्याचं मोल या भागात राहणाऱ्यालाच कळेल. गळीत हंगाम सुरू झाला की कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत उसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या. वर्षभर खडीचे डंपर. धूळ दारं लावली तरी येते. पांढऱ्या भिंतीवर ती पंख्याभोवती, स्विचबोर्डाच्या कडेला, जाळीखाली काळ्या-भुऱ्या सावलीसारखी धरते, आणि मग ती पुसत राहणं हे कुणाचं तरी आयुष्यभराचं काम होतं. मातीच्या रंगावर तीच धूळ येते, फक्त ती डाग म्हणून उठून दिसत नाही. झाडलोट तरीही करायचीच. पण पाहुणा दारात आला की आधी भिंतीकडे बघून मन चोरायचं, ते संपतं.

रंग कार्डावर ठरवू नये, हे मात्र मी जिला तिला सांगते. कार्डावरचा तुकडा अंगठ्याएवढा. तोच रंग चार भिंतींना लागला की एका भिंतीचा उजेड दुसरीवर पडतो आणि रंग गडद होत जातो. म्हणून कार्डावर जो आवडला त्याच्यापेक्षा दोन पायऱ्या फिका घ्यावा. दोन फूट बाय दोन फूटचे तुकडे समोरासमोरच्या दोन भिंतींवर मारावेत आणि ते सकाळी, दुपारी, दिवेलागणीला बघावेत. आमच्या पश्चिमेच्या खोलीत हाच रंग संध्याकाळी चारनंतर पेटतो, अक्षरशः नारिंगी होतो. तिथे लाल कमी करून घेतला. उत्तरेच्या खोलीत ऊन थेट येत नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो, तिथे तो थोडा मलूल वाटायचा, म्हणून पिवळा वाढवला. एकाच घरात एकच रंग दिसावा यासाठी खोलीगणिक तो बदलावा लागतो. रात्रीचे दिवेही बघायला हवेत. निळसर पांढऱ्या ट्यूबखाली हा रंग मेल्यासारखा, हिरवट दिसतो. पिवळसर उजेडाचा दिवा लावला की परत जिवंत होतो. छताला शुभ्र पांढरा दिला तर या भिंतीशेजारी ते छत निळं वाटतं, म्हणून छताच्या पांढऱ्यातही याच रंगाची एक वाटी टाकायची.

खाली आमच्याकडे अजून शहाबादी आहे. ती काढून चकचकीत टाइल्स घालाव्यात असं बऱ्याच जणांनी सुचवलं. शहाबाद हे याच दौंड-सोलापूर-वाडी मार्गावरचं स्टेशन, आणि तिथली ही राखी-निळसर फरशी आमच्याकडे घरोघर पोचलेली. तिच्या थंड राखाडीवर मातीची ऊबदार भिंत उभी राहिली की खोलीला तळ आणि अंग दोन्ही मिळतं. मी ती काढू दिली नाही.

या भिंतीपुढे माणसं चांगली दिसतात, हे मला सगळ्यात शेवटी कळलं आणि आता तेच सगळ्यात मोठं वाटतं. आपल्याकडची कातडी गव्हाळ, सावळी, उन्हानं रापलेली. निळीच्या पांढऱ्या भिंतीपुढे ती काळवंडते, ओढलेली दिसते. लग्नाच्या पोरी बघायला माणसं यायची तेव्हा नेमक्या त्याच भिंतीपुढे पोरीला बसवायचे आणि मग रंग काळा म्हणून निरोप यायचा. किती पोरींनी ते ऐकून घेतलं असेल! मातीच्या रंगापुढे सावळा चेहरा उजळत नाही, गोरा होत नाही. तो जसा आहे तसा पूर्ण दिसतो, डोळे दिसतात. माझी पुतणी सावळी आहे. ती या बैठकीत पुस्तक घेऊन बसली की मला फार बरं वाटतं.

सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझ्या खोलीला नको." मी विचारलं, "अहो आई, का?" तर म्हणाल्या, "अगं, जन्मभर तेच बघितलं. आता डोळे मिटेपर्यंत मला मातीत बसवू नकोस." त्यावर मी काय बोलणार? त्यांच्या खोलीला फिकट आकाशी दिला, त्यांनी स्वतः कार्डावर बोट ठेवलेला. आमच्या घरात उंबऱ्यापाशी दोन रंग भेटतात, आणि ती रेघ मला चुकीची वाटत नाही. सगळ्या घराला एकच विचार लागला पाहिजे असा नियम कुठे आहे?

यंदा उन्हाळ्यात माहेरचं ते जुनं घर पाडलं. भाऊ तिथे स्लॅबचं बांधतोय, आणि ते योग्यच आहे. पडकी भिंत लेकरांच्या अंगावर येण्यापेक्षा गेलेली बरी. मी गेले तेव्हा जेसीबीनं एक बाजू उतरवली होती. तुटलेल्या भिंतीत थरावर थर दिसत होते, झाडाच्या खोडात वर्षं दिसतात तसे. सगळ्यात आत जाड कोरा थर, मग सारवणाचे पातळ पापुद्रे, मधेच चुन्याची एक पांढरी रेघ, तिच्यावर परत माती, मग नीळ. आतलं एक हातभर ढेकूळ मी पिशवीत घालून शिरूरला आणलं. दुकानांत आता असं यंत्र असतं की नमुना त्याखाली धरला तर त्या रंगाचं प्रमाण काढून देतं. पण खडबडीत ढेकूळ त्याला चालत नाही, सपाट पृष्ठभाग लागतो. तेव्हा मी ते फोडलं, मैद्याच्या चाळणीनं चाळलं, पाणी घालून कालवलं आणि एका पुठ्ठ्यावर फासायला लागले. पुतणीच्या खोलीला अजून रंग लागायचा होता, तिला हाच हवा होता.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. थोड्या वेळानं आत आल्या, खाली बसल्या आणि वाटी माझ्या हातातून घेतली. "असं दाबायचं नसतं. बोटं सैल सोड. हे बघ." त्यांनी तीन बोटं मातीत बुडवली आणि पुठ्ठ्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फेर काढला, मग त्याच्या पोटात दुसरा, मग तिसरा. पुठ्ठा भरला, कुठे खाच नाही, कुठे ढीग नाही. इतक्या वर्षांनी हात चुकला नव्हता. मी पुठ्ठा उचलून खिडकीपाशी नेऊ लागले तर म्हणाल्या, "थांब, वाळू दे आधी. ओली माती काळी दिसते, त्यावरून रंग नेलास तर पोरीच्या खोलीत अंधार होईल." आणि हात धुवायला उठता उठता: "तिच्या खोलीला लाव काय लावायचं ते. माझ्या खोलीला नको म्हणजे नको."